बाबांच्या टिपांवर हसणारे अमेरिकन

बाबांवर हसणं हा आमच्या घरात फक्त माझा हक्क होता. आई त्यांच्यावर चिडायची, शेजारीपाजारी त्यांना मान द्यायचे आणि मी त्यांची टर उडवायचे. एकुलती एक मुलगी, इंग्रजी घेऊन बी.ए. करणारी, जिभेला नको तितकी धार. मैत्रिणी माझ्या नकला बघायला घरी यायच्या आणि सगळ्यात जास्त मागणी बाबांच्या नकलेला असायची. जेवायला बसल्यावर ते आईला म्हणायचे, "भाजीत मीठ कमी असल्याचं निदर्शनास आलं आहे." चेहऱ्यावरची रेष हलायची नाही. मला वाटायचं, या माणसाजवळ कचेरीशिवाय काही उरलेलंच नाही, म्हणून हा कचेरी घरी घेऊन येतो.

ते केंद्र सरकारच्या नोकरीत होते. कारखान्यांतून आलेला माल तपासायचा, तो पास की नापास ते कागदावर लिहायचं आणि कागद वर पाठवायचा, एवढंच त्यांचं काम. नागपूरहून बदली होऊन आम्ही कलकत्त्याला आलो तेव्हा मी शाळेत होते. घर मिळालं बागबाजारात, म्हणजे मराठ्यांच्या स्वाऱ्या अडवायला बंगाल्यांनी पूर्वी खंदक खणला होता तो जिथून सुरू व्हायचा, नेमकं तिथे. त्या भागातल्या म्हाताऱ्या बायका अजूनही पोरांना मराठा स्वारांची भीती घालून झोपवायच्या. घरमालक निवृत्त बंगाली मास्तर होते. त्यांनी भाडेकरूंसाठी एक कागद छापून घेतला होता आणि त्यात 'शहरात येण्याचं कारण' असा रकाना होता. बाबांनी त्यात इंग्रजीत लिहिलं, 'पूर्वीचं काम अपुरं राहिलं होतं, ते पुढे चालवण्यासाठी.' मास्तर इतके हसले की त्यांना ठसका लागला आणि त्यांच्या बायकोला पाणी घेऊन धावत यावं लागलं. मी शरमेने भिंतीकडे बघत उभी राहिले. मला वाटलं, बाबांनी बदलीच्या हुकमातलं वाक्य जसंच्या तसं उतरवलंय आणि म्हातारा त्यांच्या इंग्रजीला हसतोय.

सत्तरीचं दशक संपत आलं होतं तेव्हा लंडनच्या रेडिओ स्टेशनवर एक विनोदी मालिका सुरू झाली. दर गुरुवारी संध्याकाळी अर्धा तास. त्या दिवसांत कलकत्त्यात संध्याकाळी वीज असली तर लोकांना चुकल्यासारखं वाटायचं, पण आमचा ट्रान्झिस्टर सेलवर चालायचा. बाबा गॅलरीत खुर्ची टाकून तो मांडीवर घ्यायचे आणि कान जवळजवळ त्याला चिकटवून बसायचे, कारण आवाज मोठा व्हायचा, मग दूर जायचा, मग पुन्हा यायचा. मालिकेत एक अंतराळयान होतं आणि त्यात अख्खी सरकारी कचेरी भरलेली होती. कुठल्याही ग्रहावर उतरायचं तर कप्तानाला लंडनहून मंजुरी मागवावी लागायची आणि ती येईपर्यंत त्या ग्रहाचा सूर्य विझलेला असायचा. यानावरचा यंत्रमानव तीनशे वर्षं हंगामी नोकरीत होता आणि कायम होण्याची वाट बघत होता. इंजिनातलं कळायचं ते एकट्या चहावालीला, पण तिला कोणी विचारत नसे. रेडिओतले प्रेक्षक खदखदून हसायचे. बाबा एकदाही हसले नाहीत. ते मांडीवरच्या वहीत काहीतरी टिपून घ्यायचे.

शनिवारी त्यांना अर्धा दिवस असायचा. येताना ते एस्प्लनेडच्या फुटपाथवरून जुनी परदेशी मासिकं चाळत यायचे. तिथेच त्यांना मुखपृष्ठ फाटलेलं एक अमेरिकन विज्ञानकथांचं मासिक मिळालं. त्यात वाचकांच्या पत्रांमध्ये कुठल्याशा लहान गावातल्या शाळेच्या ग्रंथपाल बाईंचं पत्र होतं. त्यांनी लिहिलं होतं की आम्ही वीस-पंचवीस जण या विलायती मालिकेच्या प्रेमात पडलो आहोत, पण आमच्याकडे ती नीट ऐकू येत नाही. कोणाकोणाकडून टेपा मिळतात, त्याही अर्धवट. जगात कुठेही ज्याला ती स्वच्छ ऐकू येत असेल त्याने आम्हाला राहिलेले भाग लिहून पाठवावेत. बाबांनी पाठवले. बदल्यात दर दोन महिन्यांनी त्यांचं सायक्लोस्टाइल केलेलं पत्रक हवाई टपालाने आमच्या घरी यायला लागलं.

ते पत्रक वाचून मला त्या माणसांची कीव यायची. ती मंडळी विनोदाला हसायची नाहीत असं नाही, पण हसून झालं की हिशेब तपासायला बसल्यासारखी बसायची. तिसऱ्या भागात दप्तरखान्यात नऊ कपाटं होती, पाचव्या भागात अकरा कशी झाली? यानाचे मजले किती, चहावालीची खोली कुठे? त्यांनी नकाशे काढले होते. वर्षातून एकदा ते शाई लागू नये म्हणून जुने कारकून घालत तशा वरच्या बाह्या हातांवर चढवून, काखेत फायली मारून एकत्र जेवायचे. इंग्रज श्रोत्याला कप्तान उतरत नाही यातच मजा वाटायची. अमेरिकनांना मात्र दर वेळी खरंच वाटायचं की या भागात तरी तो उतरेल. त्यांच्यातला एक मोटार दुरुस्त करणारा गृहस्थ तीन अंकांत एकच प्रश्न विचारत होता, लंडनहून आलेला मंजुरीचा कागद यानातल्याच बंद खोलीत आहे तर कप्तान सरळ दार का फोडत नाही?

बाबांनी या सगळ्या प्रश्नांना उत्तरं लिहायला घेतली. त्यांच्या कचेरीत फाइलवर टीप लिहायची जी पद्धत होती त्याच पद्धतीने, आकडे घातलेल्या परिच्छेदांत. इंग्रजीत होती ती. मला आठवतात तशी मराठीत देते. 'परिच्छेद एक. नऊ कपाटांची अकरा होण्यात विसंगती नाही. दोन कपाटं पहिल्या नऊ कपाटांची यादी ठेवण्यासाठी आहेत. परिच्छेद दोन. दार का फोडत नाहीत, अशी विचारणा आहे. दार फोडण्याच्या परवानगीचा अर्ज दाराच्या आत आहे. परिच्छेद तीन. हंगामी यंत्रमानवाबाबत. खाली सही करणारा स्वतः अकरा वर्षं हंगामी होता. यंत्रमानवाला एवढी घाई कसली, हे त्याला समजत नाही. योग्य त्या आदेशासाठी सादर.'

मी हे टपालात पडण्याआधी वाचलं आणि कॉलेजात जाऊन मैत्रिणींना नक्कल करून दाखवलं. आमचे बाबा अमेरिकेला कचेरी समजावून सांगतायत, असं म्हणून मी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

पुढच्या अंकात बाबांना स्वतंत्र सदर मिळालं होतं. वर चित्र होतं: टक्कल, जाड चष्मा, काखेत छत्री, फायलींच्या ढिगावर मांडी घालून एक माणूस ताऱ्यांमधून तरंगत चाललाय. खाली ग्रंथपाल बाईंनी लिहिलं होतं की कलकत्त्याची टीप आम्ही मोठ्याने वाचली, दोघांना ती पुरी ऐकवेना, ते बाहेर जाऊन हसून आले. दार का फोडत नाही असं विचारणाऱ्या गृहस्थाने हार कबूल केली होती.

माझं डोकं फिरलं. आधी लाज वाटली, ती तरी मी कोणाला सांगू शकले असते. पण त्याच दुपारी माझी एक बंगाली मैत्रीण घरी आली, तिने ते पत्रक उचललं, पलंगावर पालथी पडून वाचलं आणि पाय आपटत हसली. मग म्हणाली की तुझे बाबा तुझ्यापेक्षा फार गमतीचे आहेत, तुझी नक्कल याच्यापुढे काहीच नाही. ते मला किती झोंबलं ते अजून सांगता येत नाही. माझ्या एकाही विनोदावर बाबांनी कधी दाद दिली नव्हती. आणि आता समुद्रापलीकडची माणसं त्यांच्यावर हसत होती, म्हणजे माझं एकुलतं एक भांडवलच घेऊन बसली होती. मला हेवा वाटला. त्याला मी मनात बाबांविषयीची काळजी असं नाव दिलं आणि माझं काम सोपं झालं.

संध्याकाळी मी पत्रक त्यांच्या हातात ठेवलं. त्यांनी चित्र बराच वेळ पाहिलं.

"छत्री आपली नाही," ते म्हणाले.

मला वाटलं, यांना काहीच कळलेलं नाही.

मग त्या बाईंचं पत्र आलं. वार्षिक जेवणाच्या वेळी सगळ्यांना ऐकवण्यासाठी तुमच्या आवाजात चार-पाच टिपा टेप करून पाठवाल का, असं विचारलं होतं. बाबांनी ऑफिसातल्या कोणाचातरी कॅसेट रेकॉर्डर मागून आणला. रविवारी सकाळी आतल्या खोलीत दार लावून ते एकच टीप दहा-दहा वेळा वाचायचे. ट्राम गेली की पुन्हा पहिल्यापासून. रेकॉर्ड करण्याच्या आदल्या दिवशी ते केस कापून आले. टेपमध्ये केस दिसत नाहीत, हे मी त्यांना तोंडावर सांगितलं. "दिसत नाहीत, ही गोष्ट खरी आहे," ते म्हणाले. मी आईकडे गेले, म्हटलं, ते लोक यांना माकड करून नाचवतायत. आई तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, "जाऊ दे ना. बरं वाटतंय त्यांना. कितीतरी वर्षांनी शीळ घालत अंघोळ केली आज."

मी ऐकलं नाही. टेप टपालात पडली त्याच आठवड्यात मी माझं पत्र टाकलं. माझं इंग्रजी तेव्हा कॉलेजात नावाजलेलं होतं आणि ते सगळं मी त्या एका पानात ओतलं. लिहिलं की तुम्ही ज्याचं चित्र काढता तो गमतीसाठी बनवलेला माणूस नाही. तो माझा बाप आहे. त्याने आयुष्यभर दुसऱ्यांच्या मालावर शिक्के मारले. तो जे लिहितो ते मनापासून, तुम्हाला मदत व्हावी म्हणून लिहितो. तुम्ही हसता हे त्याला कळत नाही, कळण्याची त्याची कुवतही नाही. श्रीमंत देशातल्या माणसांनी एका साध्या कारकुनाचा असा खेळ करावा हे तुम्हाला शोभत असेल तर चालू ठेवा. शेवटचं वाक्य मी तीनदा बदललं, ते आणखी लागावं म्हणून. माझे वडील कारकून नव्हते, अधिकारी होते, पण कारकून लिहिल्याने जास्त दया आली असती.

उत्तर तीन-साडेतीन आठवड्यांनी आलं. पाकिटावर बाबांचं नाव होतं आणि त्या दिवशी सुट्टी असल्यामुळे ते त्यांच्याच हाती पडलं. त्यांनी उभ्याउभ्या वाचलं. मग मला हाक मारली आणि पत्र माझ्या हातात दिलं. ग्रंथपाल बाईंनी माफी मागितली होती. आम्हा सगळ्यांना फार लाज वाटली, तुमच्या मुलीने आमचे डोळे उघडले, टेप आम्ही ऐकवणार नाही. सदर बंद केलं आहे, चित्र काढून टाकलं आहे. तुमची माहिती मोलाची आहे, ती यापुढे 'माहिती' या मथळ्याखाली छापू आणि तिच्यावर कोणी हसणार नाही याची जबाबदारी माझी. मोटारवाल्या गृहस्थाने खाली दोन ओळी घातल्या होत्या, साहेब, चुकलो, तुम्हाला लवकर बढती मिळो.

"तू लिहिलंस?"

"हो. ते तुमच्यावर हसत होते, बाबा."

"माझ्यावर नाही. मी लिहिलेल्यावर. त्यासाठीच लिहीत होतो मी."

ते आत गेले आणि वही घेऊन आले. एकेका टिपेचे सहा-सात खर्डे होते. कपाटांचं वाक्य आधी पाच ओळींचं होतं, ते छाटत छाटत दोनावर आणलेलं. दाराच्या वाक्याशेजारी बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'आत हा शब्द शेवटी. आधी आला तर मजा जाते.' पत्रकं आल्यावर कुठल्या वाक्याला ते लोक हसले त्याला समासात बरोबरची खूण होती आणि जिथे हसले नाहीत तिथे फुली. मी पानं उलटत राहिले. भाडेकरूच्या कागदातलं ते वाक्यही कुठेतरी आधी असंच घासूनपुसून लिहिलेलं असणार, हे मला त्या क्षणी कळलं.

"मला कधी सांगितलं नाहीत," मी म्हटलं.

"सांगून करायची गोष्ट नाही ती."

"मी तर नेहमी हसायचे तुमच्याकडे बघून."

"हसायचीस. चुकीच्या जागी."

मग मी म्हटलं, त्यांना लिहा ना की तुम्ही विनोदच करत होतात. बाबा खुर्चीत बसले. ते रागावले असते तर मला परवडलं असतं. ते म्हणाले, "मी विनोद करतो असं सांगून कळवायचं? ते मान्यही करतील. हसतीलही, माझा मान राखायला. तुझं पत्र त्यांनी वाचलंय, आता ते पुसता येत नाही." मग त्यांनी वही मिटली. "तुझं इंग्रजी चांगलं आहे. तूच आणखी एक लिही. मी वारलो म्हणून कळव."

मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. रेष हलली नाही. हा विनोद आहे का, हे विचारायला हवं होतं. मला ते विचारायचा धीर झाला नाही, कारण उत्तर काहीही आलं असतं तरी मीच मूर्ख ठरले असते. आणि खरं सांगायचं तर माझी लबाडी उघडी पडल्याचा राग माझ्या डोक्यात होता. लिहायचं ना, मग लिहिते, असं म्हणून मी टेबलाशी बसले आणि माझ्या जिवंत बापाला एका परिच्छेदात मारलं. तापाने, चार दिवसांत. खर्डा त्यांना दाखवला. 'शांतपणे निधन झालं' हे शब्द त्यांनी खोडले आणि वर लिहिलं, 'मंजुरीची वाट न पाहता निघून गेले.' बाकी ठीक आहे, म्हणाले.

आईला मीच सांगितलं. तिने हातातलं भांडं खाली ठेवलं. "जिवंत माणसाचं असं लिहिताना हात कसा चालला गं तुझा?" तिने विचारलं, आणि नंतर कित्येक दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. बाबांशी मात्र नेहमीसारखीच वागली.

पुढचा अंक काळ्या चौकटीत आला. त्यात बाबांच्या सगळ्या टिपा पहिल्यापासून पुन्हा छापल्या होत्या आणि वर तेच चित्र, छत्रीसकट. ग्रंथपाल बाईंनी लिहिलं होतं की जेवणाच्या वेळी टेप ऐकवली, ऐकवू नये असं ठरलं होतं तरी. पहिल्या टिपेला सगळे गप्प बसले, दुसरीला एक जण फुटला आणि मग कोणालाच आवरलं नाही. त्या पुढे म्हणत होत्या की त्या आवाजातल्या थांबण्याच्या जागा ऐकल्यावर माझी खात्री झाली आहे, या गृहस्थांना आपण काय करतोय ते पुरतं ठाऊक होतं. त्यांच्या मुलीने त्यांना ओळखलं नाही याचं मला वाईट वाटतं. मोटारवाल्याने लिहिलं होतं की मंजुरीची वाट न पाहता गेले, हे वाक्य वाचून मी दुकानात एकटा हसलो आणि मग दुकान बंद करून घरी गेलो.

बाबांनी अंक दोनदा वाचला. दुसऱ्यांदा वाचताना हातात पेन्सिल होती. खुणा करून झाल्यावर ते म्हणाले, "टेप ऐकवली म्हणजे." त्यांचा आवाज मी एरवी कधी ऐकला नव्हता इतका हलका होता.

त्या गुरुवारी ते गॅलरीत बसले. मालिकेचा नवा भाग लागला, ऐकून झाल्यावर त्यांनी दिवा पुढ्यात ओढून टीप लिहिली, खोडली, पुन्हा लिहिली, स्वच्छ कागदावर उतरवून काढली. घडी घातली. मग ती हातात धरून ते नुसतेच बसून राहिले. पाठवायची कुठे? थोड्या वेळाने त्यांनी मला हाक मारली आणि कागद पुढे केला. "वाच," म्हणाले.

मी वाचला. टीप खरोखर मजेदार होती आणि ती कुठे मजेदार आहे हेही मला कळत होतं. तिसऱ्या परिच्छेदाशी पोचेपर्यंत मला दिसत होतं की ते कागदाकडे नाही, माझ्या तोंडाकडे बघतायत. मी हसले. ज्या जागी हसायला हवं त्याच जागी, पण त्यांना बरं वाटावं म्हणून हसले, आणि ते आम्हा दोघांनाही ऐकू आलं.

"राहू दे," ते म्हणाले. कागद त्यांनी माझ्या हातातून काढून घेतला. पुढच्या गुरुवारी ते ऐकायला बसले तेव्हा वही आतच होती. मी ती आणून देऊ का, असं विचारलं, तर मानेनेच नको म्हणाले.